लाल न होणाऱ्या धातूचा साचा

मित्रांनो, माझे वजन पावणेतीनशे किलो आहे, मला जागचे हलवायचे झाले तर साखळीची कप्पी लागते, आणि तरीही माझे निम्मे आयुष्य भीतीत गेले असे मी सांगितले तर तुम्हांस हसू येईल. मी एक जुना पोलादी साचा आहे. लुधियान्याच्या ज्या गल्लीत माझे वास्तव्य आहे तेथे मला डाय असे म्हणतात. माझ्या पोटात एक आकार उलटा कोरलेला आहे. तापलेला धातू तेथे ठेवतात, वरून माझा जोडीदार, म्हणजे साच्याचा वरचा अर्धा भाग, प्रेसच्या प्रचंड दाबाने खाली येतो, आणि धातूला तो आकार घ्यावाच लागतो. मग धातू निघून जातो व मी पुढच्याची वाट पाहत तेथेच राहतो. जो इतरांना आकार देतो त्यास स्वतःच्या आकाराची चिंता जन्मभर वाहावी लागते, हे सत्य मला फार लवकर उमगले.

माझी पहिली भीती जन्माबरोबरच आली. एका कारागिराने सतरा दिवस खपून माझे पोट कोरले. त्यानंतर मला तापवून लाल केले आणि तेलात बुडवले. या बुडवण्यात पोलाद कधी कधी मधोमध तडकते. एकदा तडकले की सतरा दिवसांची मेहनत भंगारात जाते. तेल माझ्याभोवती उकळत होते व कारागीर कान देऊन ऐकत उभा होता. तडकल्याचा आवाज आला नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि मला प्रथमच समजले की माझ्यापायी दुसऱ्या कोणाचाही जीव टांगणीला लागू शकतो.

प्रारंभी मी ट्रॅक्टरचे काम केले. ज्या दांड्याने ट्रॅक्टर नांगर उचलतो त्या दांड्याचे टोक माझ्या पोटात घडत असे. ते पोलादाचे काम होते आणि पोलादाच्या कामाचे राजे होते मिस्त्री बचित्तर सिंग. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या लोहारकाम होते. भट्टीतल्या तापमानाला ते कधी आकड्याने ओळखत नसत. त्यांच्या भाषेत पोलाद डाळिंब होई, संत्रे होई, लिंबू होई. डाळिंब असेल तर अजून कच्चे, संत्रे झाले की ठोका, लिंबावर गेले तर ताबडतोब बाहेर ओढा, कारण त्यापुढे पोलाद जळते. गल्लीतल्या इतर कारखान्यांचे लोक आपली भट्टी दाखवायला त्यांना हाताला धरून नेत. मिस्त्रीजी दारातूनच डोकावत, एक शब्द बोलत आणि चहा घेऊन परत येत. त्यांचा शब्द चुकल्याचे मी बावीस वर्षांत ऐकले नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा असे. त्या दिवशी गल्लीत एकही यंत्र चालत नसे. मला धुऊन, तेल लावून, कपाळी केशर लावत. हलव्याचा पहिला घास मिस्त्रीजी माझ्या काठावर ठेवत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

वैभव कोणाला पुरले आहे? ट्रॅक्टरचा नमुना बदलला, माझ्या आकाराचे कोणास काम उरले नाही, आणि मला मागच्या अंगणात तुटलेल्या पट्ट्यांच्या ढिगाशेजारी ठेवण्यात आले. तेथे मी सहा वर्षे होतो. पावसाचे पाणी माझ्या पोटात साचे, त्यात डासांची पिल्ले होत. थंडीत एका कुत्रीने माझ्या आडोशाला बाळंतपण केले, तेवढाच काय तो सहवास. भंगारवाला दोनदा आला. त्याने सळईने माझ्या अंगावर ठोकून आवाज ऐकला व मान डोलावली. मित्रांनो, भंगारवाल्याची ती पसंतीची मान ज्याने पाहिली आहे त्याला पुन्हा शांत झोप लागत नाही. पुढे माझ्या हातून एक क्षुद्र विचार घडला, त्याचे मूळ त्या सहा वर्षांत आहे, म्हणून हे सांगितले.

मधल्या काळात कारखान्याचे मालक सरदारजी वारले आणि त्यांच्या पत्नी निर्लेप कौर यांनी कारभार हाती घेतला. सगळे त्यांना बीबीजी म्हणत. त्या मात्र मिस्त्रीजींना तायाजी, म्हणजे थोरले काका, अशी हाक मारीत, कारण मिस्त्रीजींनी त्यांच्या सासऱ्यांच्या हाताखाली काम केले होते. ट्रॅक्टरचे काम दर वर्षी आटत चालले होते. तेव्हा बीबीजींनी दिल्लीकडच्या एका मोटार कंपनीचे उंबरे झिजवून एक परीक्षेचे काम मिळवले. मोटारीचे चाक गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा जो हात असतो, ज्याला गॅरेजवाले आर्म म्हणतात, असे तीनशे आर्म घडवून द्यायचे. ते उत्तम निघाले तर वर्षभराचे काम, न निघाले तर कारखान्याच्या दाराला कुलूप.

नवा साचा करायला अवधी नव्हता. म्हणून मला अंगणातून उचलले, माझा गंज खरवडला, पोटातला जुना आकार रंधा मारून सपाट केला आणि तेथे आर्मचा आकार कोरला. मी उंचीने तीन बोटे कमी झालो. परंतु पुन्हा प्रेसवर चढलो, या आनंदापुढे तीन बोटांचे दुःख ते काय?

नव्या कामाचा धातू मात्र मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ते ॲल्युमिनियम होते, आणि त्यात धार लावायच्या दगडासारखी कणखर पूड कालवलेली होती. त्यामुळे तो धातू वजनाला हलका व ताकदीला भारी होता. हलकी गाडी कमी तेल पिते, म्हणून हा सारा खटाटोप. मला त्या पुडीचा त्रास होई. प्रत्येक ठोकळा जाताना मला खरखरीत जिभेने चाटून जाई. शिवाय मला स्वतःला गॅसच्या ज्योतीवर तापवून ठेवावे लागे, कारण गार साच्याला टेकताच तो धातू आखडतो.

पण खरी अडचण वेगळीच होती. तो धातू लाल होत नसे. साडेचारशे अंशांवर त्याला ठोकायचे आणि पाचशेच्या पुढे मुळीच जाऊ द्यायचे नाही, असे कंपनीच्या कागदात लिहिले होते. साडेचारशेला तो करडा दिसे. पाचशेलाही करडाच दिसे. आतून वितळायला लागला तरी वरून तसाच करडा व थंड चेहऱ्याचा राही. पहिल्या दिवशी मिस्त्रीजी भट्टीच्या दारापाशी बराच वेळ वाकून उभे होते.

"रामसुरत," ते शेवटी म्हणाले, "या धातूला लाज नाही बघ. एवढ्या आगीत उभा आहे आणि गालावर लाली नाही."

रामसुरत हा भट्टीवरचा माणूस. गोरखपूरकडचा, चाळिशीचा, सांडशी धरण्यात पटाईत आणि तोंडाने थोडा मोकळा. तो म्हणाला, "मिस्त्रीजी, शहरातला धातू आहे. तुमच्या समोर कशाला लाजेल?"

बीबीजींनी भट्टीला तापमान दाखवणारा एक मीटर बसवून घेतला होता. रामसुरतने त्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि मिस्त्रीजींनी मान हलवायची, अशी पद्धत पडली. ज्यांच्या एका शब्दावर गल्लीतल्या भट्ट्या चालत त्यांना आता आकड्याची वाट पाहत उभे राहावे लागे.  तरी आकडा ऐकण्यापूर्वी एकदा भट्टीत डोकावत, जशी एखाद्याची जुनी खोड असावी. कंपनीचा तपासनीस दुसऱ्या दिवशी येऊन दहा आर्म कापून पाहून गेला. ते आतून लोण्याच्या वडीसारखे सलग निघाले. तो खूश झाला. त्या दहांखेरीज तीनशे पुरे करायचे होते.

चौथा दिवस लोहडीचा, म्हणजे पंजाबातल्या शेकोटीच्या सणाचा होता. संध्याकाळी बीबीजी रेल्वेने दिल्लीस निघणार होत्या, कारण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीत त्यांची बैठक होती. सोबत एक आर्म न्यायचा होता. कंपनीचे लोक त्याला तेथेच भोके पाडून चाचणीच्या गाडीला बसवणार होते आणि एक चालक ती गाडी त्यांच्या मैदानात भरधाव पळवणार होता. उरलेला माल दुसऱ्या सकाळी आठ वाजता ट्रकने जायचा होता.

दुपारी, दोनशे अडतिसावा आर्म निघून गेल्यावर, माझ्या पोटात धातूची एक बारीक कपची राहून गेली. रामसुरत हवेच्या नळीने मला प्रत्येक खेपेस साफ करी, पण सणाच्या घाईत ती कपची सुटली. जोडीदार वरून आला, कपचीतली ती दगडी पूड माझ्यावर दाबली गेली, आणि माझ्या पोटात कोपरापाशी केसाएवढा एक ओरखडा उमटला. कपची पुढच्या आर्मबरोबर निघून गेली, ओरखडा राहिला. तेव्हापासून प्रत्येक आर्मच्या कोपरावर केसाएवढी उंच रेघ येऊ लागली. ती डोळ्यांना सहसा दिसत नव्हती.

मित्रांनो, येथे मी माझा अपराध कबूल करतो. ओरखडा पडलेला साचा प्रेसवरून उतरवतात. उतरवलेला साचा कोठे जातो हे मला ठाऊक होते. म्हणून मी मनोमन प्रार्थना केली की ही रेघ कोणाच्याही लक्षात येऊ नये.

दोनशे सत्तेचाळीस झाल्यावर दुसरे संकट आले. सांडशीतून एक ठोकळा निसटला आणि भट्टीच्या आत मीटरच्या तारेवर पडला. तार तुटली. मीटरवरचे आकडे विझले. मीटरवाल्याच्या दुकानाला सणामुळे दुपारीच टाळे लागले होते व त्याचा फोनही कोणी उचलेना. त्रेपन्न आर्म बाकी होते.

रामसुरतने एक उपाय सुचवला. त्याच्या गावाकडे ॲल्युमिनियमची पातेली ठोकणारे लोक तापलेल्या पत्र्यावर साबणाची रेघ ओढत. रेघ तपकिरी झाली तर ताप बरोबर, काळी पडली तर जास्त. तो म्हणाला, अंघोळीचा साबण कोनाड्यात आहे, ओढून पाहू का?

कदाचित हे त्याने एकान्तात सांगितले असते तर मिस्त्रीजींनी ऐकले असते. परंतु प्रेसवरची चार माणसे तेथे उभी होती.

"सात पिढ्यांचा लोहार मी," मिस्त्रीजी म्हणाले, "आणि आता भट्टीपुढे भांडी घासू होय रे?"

सगळे हसले. रामसुरतही हसला. मिस्त्रीजी भट्टीपाशी गेले, वाकले, आणि आयुष्यभर पाहिले तसे त्यांनी आत पाहिले. आत सारे करडे होते. डाळिंब नाही, संत्रे नाही. ज्या डोळ्यांना चाळीस वर्षे लाली म्हणजे ताप असे शिकवले होते ते डोळे दुसरे काय सांगणार?

"कच्चा आहे," ते म्हणाले. "आच वाढव."

आच वाढली. पुढचा ठोकळा माझ्या पोटात आला तेव्हा मी आतून शहारलो. पूर्वीचे ठोकळे दाबाला विरोध करीत, कुरकुरत, मग मुकाट्याने वळत. हा लोण्यासारखा पसरला. कानाकोपरा भरून काठावर सांडला. आणि त्या काठावर घामासारखे बारीक चकचकीत मणी उभे राहिले. आतले काही वितळून बाहेर पाझरले होते. मिस्त्रीजींनी एक मणी हातमोज्याच्या बोटावर घेतला. त्याकडे पाहिले. अंगठ्याने चिरडला. नंतर बोट विजारीला पुसले आणि म्हणाले, पुढचा आण.

मी ओरडू शकलो असतो तर! पण पोलादाला तोंड नसते, केवळ पोट असते. एकामागून एक त्रेपन्न ठोकळे माझ्या पोटातून गेले आणि दर वेळी मला जाणवत होते की मी आतून पोकळ झालेल्या वस्तूला निर्दोष आकार देत आहे. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, त्यातला कीर्तनाचा भाग माझ्या हातून होत होता.

सहाला थोडी मिनिटे असताना बीबीजी स्टेशनच्या वाटेवर आत डोकावल्या. शेवटचे आर्म खरोखर देखणे निघाले होते, कडा भरलेल्या, अंग तुळतुळीत. त्या म्हणाल्या की तायाजी, मीटर बंद पडूनसुद्धा हे पहिल्यांपेक्षा सरस झाले, तुमच्या डोळ्याची सर यंत्राला येणार नाही. मिस्त्रीजींनी मान खाली घातली. मग त्यांनी स्वतः निवडून सर्वांत सुंदर आर्म फडक्यात गुंडाळला व दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला. बाहेर गल्लीत लोहडीची आग पेटली होती, लोक तिच्यात रेवड्या व शेंगदाणे टाकीत होते, ढोल वाजत होता. कारखान्यात माणसांनी सगळे आर्म धुऊन, कडा कापून, सहा पेट्यांत भरले. पहिल्या दिवसाचे कोणते आणि शेवटच्या दिवसाचे कोणते, आता कोणालाही सांगता आले नसते.

दुसऱ्या सकाळी असे धुके पडले की प्रेसवरून मला दार दिसेना. मिस्त्रीजी सर्वांच्या आधी आले. त्यांचे डोळे तांबारलेले होते आणि पगडीची घडी नेहमीसारखी बसली नव्हती. त्यांनी पेट्यांतून दोन आर्म घेतले. पहिला शिकंज्यात आवळून घणाचे पाच घाव घातले. तो वाकला, तुटला नाही. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. दुसरा आवळला. दुसऱ्याच घावाला त्याचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या अंगात जाळी पडली होती, अनारशाला पडते तशी.

ते एका पेटीवर बसले. ट्रक यायची वेळ झाली होती. पेट्यांत तीनशेपैकी कोणत्या गाडीचे चाक निखळणार आणि कोणत्या घरातले माणूस परत यायचे नाही, हे धातूकडे पाहून सांगण्याची सोय नव्हती. त्या वेळची त्यांची अवस्था मी वर्णन करू शकत नाही. ते तुटलेला तुकडा हातात घेऊन नुसते चोळत होते. चोळता चोळता त्यांचा अंगठा कोपरावर थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. त्यांनी वाकलेला आर्म उचलून त्याच्या कोपरावर अंगठा फिरवला. तेथे काही नव्हते.

मग ते माझ्याकडे आले. त्यांनी दिवा माझ्या पोटात धरला आणि अंगठा माझ्या जखमेवर टेकवला.  आता मला उतरवणार, अंगणात टाकणार, भंगारवाला येणार, हे सारे एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेले.

"तुलाही काल लागलं होतं होय रे," ते हळूच म्हणाले.

एवढेच. मित्रांनो, माझ्या बावीस वर्षांच्या कौतुकात असा एकही शब्द नव्हता.

रामसुरत आला तेव्हा मिस्त्रीजी जमिनीवर मांडी घालून बसले होते व एकेका आर्मच्या कोपरावरून अंगठा फिरवीत होते. त्यांनी तुटलेले दोन तुकडे दाखवले, तेव्हा रामसुरतला काही समजावावे लागले नाही. तोही बसला. रेघ असलेले एका बाजूस, नसलेले दुसऱ्या बाजूस. आठ वाजले. ट्रकवाला धुक्यामुळे अडकला होता, ते एक दैव. तो नऊला पोचला आणि दारात उभा राहून म्हणू लागला की बाजारात वांगी निवडत बसल्यासारखे काय चालले आहे, मला अंबाल्याच्या पुढे जायचे आहे. त्याला चहा देऊन बसवले. दहा वाजून गेल्यावर साठ आर्म रेघवाल्या बाजूस झाले. एक सकाळी तुटलेला. मीटर विझल्यानंतरचे त्रेपन्नच होते, म्हणजे ओरखडा त्याआधीचा आणि वाईट माल सगळा याच बाजूस. त्या एकसष्टांत नऊ असे होते की जे मीटर चालू असताना, योग्य तापावर घडले होते. ते कोणते हे मला माहीत होते, दुसऱ्या कोणास कळण्याचा मार्ग नव्हता. ओरखडा माझा होता, शिक्षा त्यांना झाली. त्या नऊ निर्दोषांचे मला आजही वाईट वाटते.

आणि बासष्टावा दिल्लीत होता.

रामसुरतने आवाज खाली आणला. म्हणाला, "मिस्त्रीजी, हे साठ आपण वितळायला पाठवू. मशीन बिघडलं, माल कमी पडला म्हणू. दिल्लीचा तो एकच आहे. एकाचं काय एवढं? आपल्याच तोंडानं आपलं नाव कशाला बुडवायचं?"

मिस्त्रीजींनी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. नंतर ते म्हणाले, "तो एक मी माझ्या हातानं निवडून दिलाय रे. त्या गाडीत कोणाचा तरी मुलगा बसणार आहे."

त्यांनी फोन लावला तो प्रेसपाशी उभे राहूनच. कारखान्यात इतकी शांतता होती की पलीकडचा बीबीजींचा आवाजही मला ऐकू येत होता. त्या कंपनीच्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या व बोलावण्याची वाट पाहत होत्या.

"बीबीजी," मिस्त्रीजी म्हणाले, "माझ्याकडून..." आणि पुढचे शब्द त्यांना सापडेनात.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तायाजी, तुम्ही उभे आहात का?"

"हो."

"आधी बसा. बसलात की सांगा."

रामसुरतने पेटी पुढे सरकवली. मिस्त्रीजी बसले, आणि मग सगळे बाहेर आले. मीटर, साबण, आच, हातमोज्यावरचा तो मणी. मणी पाहिला होता, हेही त्यांनी सांगितले, जे सांगितले नसते तरी कोणास कळले नसते. बीबीजींनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की बाकीचे नक्की ओळखता आले ना. मिस्त्रीजी म्हणाले, साच्याला ओरखडा पडला होता म्हणून आले.

"आणि माझ्या मांडीवर आहे तो?"

"तो वाईट आहे, बीबीजी. सगळ्यांत देखणा आहे आणि वाईट आहे."

बीबीजींनी उरलेले दोनशे सदतीस चांगले आर्म ट्रकमध्ये चढवायला सांगितले, सोबत खरे कारण लिहून चिठ्ठी द्यायला सांगितली, आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे तास माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब तास होते. प्रेस बंद होती. कोणी मला तापवले नाही, कोणी उतरवलेही नाही. दुपारचे डबे उघडले गेले, मक्याच्या भाकऱ्या तशाच परत गुंडाळल्या गेल्या. रामसुरत साबणाची वडी हातात घेऊन उगाच उन्हातान्हात, म्हणजे त्या दिवशी उरलेल्या धुक्यात, फेऱ्या मारत होता. मिस्त्रीजींनी आपली सांडशी, हातोडी, चष्मा असे एका पिशवीत भरून दारापाशी ठेवले होते. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते.

बीबीजी अंधार पडल्यावर परतल्या. त्यांनी पिशवीतून आर्मचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. बैठकीत त्यांनी तो आर्म पुढे केला आणि स्वतःच सांगितले की हा गाडीला लावू नका, हा कापा. कंपनीचे चार लोक एकमेकांकडे पाहू लागले. कापला, जाळी दिसली. मोठ्या साहेबाने विचारले की बाई, तुम्ही गप्प राहिला असता तर आम्हांला हे इथे दिसले नसते, बोललात का? त्या म्हणाल्या, माझ्या मिस्त्रीने मला सांगितले, मग मी गप्प कशी राहू?

मित्रांनो, गोष्टीत अशा वेळी कंपनी धावत येऊन दुप्पट काम देते. तसे झाले नाही. साहेब म्हणाला की डोळ्याने भट्टी चालवणाऱ्या कारखान्याला वर्षाचे काम देता येणार नाही. वीस दिवसांत उरलेले त्रेसष्ट आर्म पुन्हा करून द्या, दोन मीटर बसवा, दर दहावा आर्म कापून दाखवा, मग पाहू. वीस दिवसांत आर्म तयार होऊन गेले. वर्षाच्या कामाऐवजी चार महिन्यांचे मिळाले. त्या चार महिन्यांत बीबीजींनी दोन माणसे कमी केली व स्वतःची गाडी विकली. पुढे हळूहळू काम वाढले, पण ते पुढे.

त्या संध्याकाळी मात्र मिस्त्रीजी दारापाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेले, तेव्हा बीबीजींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "तायाजी, जो चूक सांगतो त्याला घालवला तर उरलेले लपवायला शिकतील. चहा घ्या आणि उद्या सहाला या."

मला उतरवले, हे खरे. ज्या भीतीने मी प्रार्थना केली होती ती खरी ठरली. पण कारागिराने माझा ओरखडा घासून गुळगुळीत केला व आठव्या दिवशी मी पुन्हा चढलो. त्यानंतर माझ्या पोटातून अकरा हजारांहून अधिक आर्म गेले. आता ती दगडी पूड मला इतके चाटून गेली आहे की माझा आकार सैल झाला आहे, आणि मी कार्यालयाबाहेर लाकडी पाटावर विश्रांती घेत आहे. शाळेची मुले कारखाना पाहायला येतात तेव्हा प्रथम माझ्यापाशी थांबतात. मिस्त्रीजी दोन वर्षांपूर्वी घरी बसले. भट्टीवर आता रामसुरत आहे आणि त्याच्या हाताखालची माणसे त्याला मिस्त्रीजी म्हणतात, तेव्हा तो मागे वळून पाहतो.

अशा लेखाच्या शेवटी जुन्या वस्तूने आपली निगा राखा अशी विनंती करायची रीत आहे. ती मीही करतो. वस्तूंना तेल लावा, कपची राहू देऊ नका, मीटरची तार वेळेवर तपासा. तथापि मला तेल लावायला एखादे वेळी विसरलात तरी चालेल. मी पोलाद आहे, मला गंज सावकाश चढतो. परंतु कधी एखादा माणूस तुमच्या दारात येईल, त्याला काही सांगायचे असेल आणि शब्द सापडत नसतील. आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायला आलेला माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही. काय झाले, किती नुकसान झाले, हे नंतर विचारा. त्याला आधी बसायला द्या.